ओटी सगळ्यांची: देवीच्या देवळांच्या विश्वस्तांना आणि नवरात्र मंडळांना खुलं पत्र

नमस्कार,

पितृपंधरवडा चालू आहे, घटस्थापनेला दहा-बारा दिवस राहिलेत, तुमच्या मीटिंगा सुरू झाल्या असतील, मांडववाला, लायटिंगवाला, वर्गणीची पावतीपुस्तकं, रोजच्या आरतीचे मानकरी कोण याच्या याद्या, म्हणून म्हटलं याद्या फायनल व्हायच्या आत लिहावं. मी एकाच कुठल्या मंडळाला लिहीत नाहीये. ज्या देवळाचं सांगणार आहे त्याचं नावही लिहिणार नाही, कारण तसं देऊळ तुमच्या गावात पण आहे, तशी रांग पण आहे, आणि ती रांग जिथे संपते तिथे बॅज लावून उभी असलेली एखादी काकू पण आहे.

माझे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्या वर्षी घट बसले नाहीत. दुसऱ्या वर्षी नवरात्रातल्या शुक्रवारी आई सकाळी सहाला उठली, न्हाली, हिरवा खण काढला, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, बांगड्या असं ताट केलं आणि म्हणाली चल, गर्दी व्हायच्या आत ओटी भरून येऊ. आम्ही दोन तास रांगेत होतो. आईचे गुडघे दुखतात, ती मधे मधे कठड्याला टेकत होती पण ताट तिने माझ्या हातात दिलं नाही. पुढे पोचलो तर ती बॅजवाली काकू, आईला तीस वर्षं ओळखणारी, आईच्या कानाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, तुम्ही दर्शन घ्या हो, ओटी लेकीला भरू दे." बास एवढंच. ओरडली नाही, हाकललं नाही, कुणाला ऐकू पण गेलं नसेल. आईने ताट माझ्याकडे दिलं. मी भरली ओटी. मागे वळून बघितलं तर आई खांबाला टेकून उभी होती आणि पदर सारखा करत होती, सारखा सारखा, जसा काही तो जागेवर राहतच नव्हता.

घरी येताना ती म्हणाली, जाऊ दे गं, त्यांची पण काही चूक नाही, रीतच आहे. त्यानंतर ती त्या देवळात गेलेली नाही. मंगळवार-शुक्रवार कधी चुकवले नव्हते तिने, पायात प्लास्टर असताना रिक्षाने गेलेली बाई आहे ती.

मला रडगाणं गायचं नाहीये. पण त्या दिवसापासून मी या सगळ्याचा विचार करतेय, वाचतेय, माहूरला जाऊन आले, तुळजापूरला जाऊन आले, आणि मला जे दिसलं ते तुमच्यासमोर मांडायचंय, कारण तुम्ही देवीची माणसं आहात आणि तुम्हाला ते कळेल असं मला खरंच वाटतं.

आधी तो शब्दच घ्या, ओटी. आपण म्हणतो ओटीपोट. बाईच्या पोटाचा खालचा भाग, जिथे मूल वाढतं. पदराचा झोळ करून त्यात तांदूळ-नारळ घ्यायचे, म्हणजे त्या पोटाला, त्या भरलेपणाला नमस्कार करायचा, ही ओटी. देवीची ओटी भरतो तेव्हा आपण तिच्या कुशीला म्हणतो की तू अशीच भरलेली रहा. गाभारा हा शब्द पण गर्भापासूनच आलाय, अंधारी, ओलसर, लहानशी जागा जिथे एक दिवा. तर मग माझा प्रश्न साधा आहे, ज्या बाईच्या ओटीपोटात दोन लेकरं वाढली, जिच्या पोटावर सिझेरियनचा व्रण अजून आहे, तिची ओटी नवरा गेल्यावर कुठे गेली? नवरा गेला, कूस कुठे गेली?

मला माहितीये, लगेच उत्तर येणार, परंपरा. ठीक आहे. परंपरेबद्दलच बोलू. मी परंपरेच्या बाहेर उभी राहून बोलतच नाहीये, आमच्या घरात टाक आहेत, कुळाचार आहे, घट बसतात.

माहूरची रेणुका ही साडेतीन पीठांतलं एक पीठ. तिची गोष्ट आपल्याला माहिती असते पण आपण ती पूर्ण ऐकत नाही. नवऱ्याला तिच्या मनाचा संशय आला म्हणून त्याने पोराला सांगितलं आईचं डोकं उडव, आणि पोराने उडवलं. मग त्याच पोराने वर मागून तिला जिवंत करून घेतलं. पुढे सहस्रार्जुनाच्या वैरातून जमदग्नी मारले गेले आणि रेणुका विधवा झाली. परशुरामाने आईबापाला कावडीत घालून माहूरला आणलं, तिथे बापाला अग्नी दिला, रेणुका सरणावर गेली, आणि मग पोरगा आईसाठी एवढा रडला की ती जमिनीतून वर यायला लागली, पण त्याने घाई करून वळून बघितलं म्हणून फक्त मुख वर आलं. तेच मुख आपण माहूरला बघतो. शेंदरातलं ते मोठ्ठं मुख, ते डोळे. मी तिथे हातात कुटलेल्या विड्याचा प्रसाद घेऊन उभी होते आणि माझ्या डोक्यात एकदम आलं की ज्या बाईसमोर आपण सगळे हात जोडून उभे आहोत ती संशय सोसलेली, घरच्याच माणसाच्या हातून मेलेली आणि विधवा झालेली बाई आहे. तिच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं देवपण नवरा गेल्यानंतरचं आहे.

आणि कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माचं तर याहून स्पष्ट आहे. ती पण रेणुकाच. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना रांडाव पुनव माहिती असेल. हिवाळ्यातल्या एका पौर्णिमेला देवी विधवा होते, बांगड्या फुटतात, आणि पुढे दुसऱ्या एका पौर्णिमेला, अहेव पुनवेला, ती परत सवाशीण होते. म्हणजे वर्षातले काही आठवडे खुद्द देवी विधवा असते. त्या आठवड्यांत तिला गाभाऱ्यातून कुणी बाहेर काढतं का? तिचा नैवेद्य बंद होतो का? भक्त म्हणतात का की आता तुझ्या हातचं कुंकू नको? (या प्रथेच्या आडून गरीब घरच्या मुलींना देवाला सोडून त्यांच्या आयुष्याचं काय केलं गेलं ते मला माहितीये, कर्नाटकने १९८२ मध्ये कायदा करून देवदासी प्रथा बंद केली ती त्यासाठीच, आणि त्याचं समर्थन मी जन्मात करणार नाही. मी फक्त देवीच्या कथेत काय आहे ते सांगतेय.)

अजून एक. दशमहाविद्या म्हणजे देवीची दहा रूपं, काली, तारा, कमला वगैरे. त्यातली एक धूमावती. म्हातारी, पांढरं किंवा मळकं लुगडं, हातात सूप, ध्वजावर कावळा, आणि विधवा. मुद्दाम विधवा. ज्यांनी ही दहा रूपं मांडली त्यांना कळत होतं की बाईचं ते वय, ते एकटेपण, ती भूक, ती पण शक्तीच आहे आणि तिला यादीतून वगळलं तर यादी खोटी ठरेल. मध्यप्रदेशात दतियाला पीतांबरा पीठात धूमावतीचं स्थान आहे, आणि तिथे उलट सवाष्ण बायकांनी तिचं दर्शन घेऊ नये असा रिवाज आहे. वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसले. एका दारात सवाष्णीला थांबवायचं, दुसऱ्या दारात विधवेला थांबवायचं, आणि दोन्ही दारांच्या आत तीच आई. मग हे अडवणं तिचं की आपलं?

आता तुमच्या मांडवात रोज सकाळी गुरुजी सप्तशती म्हणतात, स्पीकरवरून आख्ख्या गल्लीला ऐकू येते. तेरा अध्याय, सातशे श्लोक. त्याची सुरुवात कशी होते ते कुणी सांगतच नाही आपल्याला. एक राजा सुरथ, त्याच्याच मंत्र्यांनी त्याचा खजिना आणि सैन्य बळकावलेलं, आणि एक वैश्य समाधी, त्याच्या बायकापोरांनी पैशासाठी त्याला घरातून काढलेलं. आपल्याच लोकांनी बाहेर काढलेली दोन माणसं जंगलात मेधा ऋषींकडे येतात, आणि त्यांना देवीची गोष्ट सांगितली जाते. म्हणजे ही आख्खी पोथीच बाहेर काढलेल्यांसाठी सांगितलेली आहे. आणि शेवटी ते दोघं काय करतात, तर नदीकाठच्या वाळूत बसून मातीची मूर्ती करतात, तीन वर्षं पूजतात, आणि देवी येते. तिथे देऊळ नव्हतं, मानकरी नव्हते, रांग नव्हती.

आणि अकराव्या अध्यायात देव तिची स्तुती करतात तिथे सरळ शब्द आहेत, "स्त्रियः समस्ताः सकला जगत्सु", जगातल्या सगळ्या स्त्रिया ही तुझीच रूपं. समस्ताः. सवाष्ण असं नाही लिहिलेलं तिथे. लेकुरवाळी असं नाही लिहिलेलं. तुमच्याच स्पीकरवरून हा श्लोक नऊ दिवस वाजतो आणि खाली रांगेत माझ्या आईला सांगितलं जातं की ओटी लेकीला भरू दे. हे दोन्ही एकाच मांडवात कसं काय होऊ शकतं, मला खरंच समजून घ्यायचंय.

त्यात देवी स्वतः कुणाची बायको म्हणून लढायला येत नाही, हे पण बघा ना. लग्नाची मागणी घेऊन शुंभाचा दूत येतो तेव्हा ती म्हणते मला जो लढाईत हरवेल तोच माझा नवरा. दहाव्या अध्यायात शुंभ तिला डिवचतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, तर ती म्हणते या जगात मी एकटीच आहे, या सगळ्या माझ्याच, बघ कशा माझ्यात येतायत, आणि सगळ्या देव्या तिच्यात शिरतात आणि ती एकटी उभी राहते. माझ्या आईने बाबा गेल्यावर दोन वर्षं भावाचं शिक्षण, कर्जाचे हप्ते, शेताची वाटणी सगळं एकटीने रेटलं. मला तो अध्याय ऐकताना दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही.

पितृपंधरवड्यात मला अजून एक गोष्ट खुपते. नवमीला आपण अविधवा नवमी म्हणतो, सवाष्णपणी गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी. म्हणजे मेल्यावरसुद्धा आपण बायकांची विभागणी करतो. बाईसाठी वेगळा दिवस ठेवला ही माया मला कळते. पण ती वेगळी कशावरून केली, तर नवरा मागे राहिला की आधी गेला यावरून.

आता विटाळाचं. यावर बोलताना अजून पण आवाज खाली येतो आपला. "अडचण आहे", "बाहेरची आहे", "कावळा शिवला", किती शब्द शोधलेत, सरळ एक शब्द वापरायला नको म्हणून. देवळाच्या दाराशी बोर्ड असतो, अडचणीच्या काळात महिलांनी आत येऊ नये. आणि नवरात्र आलं की घराघरात बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात, कॉलेजच्या पोरी पण घेतात, डॉक्टरला न विचारता, मेडिकलमधून नुसतं नाव सांगून आणतात. आमच्या नात्यात एका वहिनीने सलग दोन सणांना घेतल्या आणि नंतर चार महिने तिला त्रास झाला. कुणासाठी हे? देवीसाठी?

कामाख्येला जाऊन विचारा. आसामात गुवाहाटीला नीलाचल टेकडीवर ते पीठ आहे, आत मूर्तीच नाही, खडकातली योनी आहे, तिच्यावरून झऱ्याचं पाणी झिरपतं, तिची पूजा होते. आषाढात अंबुवाचीला देवी रजस्वला होते म्हणून तीन दिवस देऊळ बंद असतं, आजूबाजूला नांगर चालत नाही, आणि मग दार उघडतं तेव्हा लाखो लोक तिच्या लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी धडपडतात. केरळात चेंगन्नूरच्या भगवतीला पाळी येते असं मानतात आणि नंतर तिला थाटात नदीवर न्हायला नेतात. ओडिशात रज परब असतो, भूमी रजस्वला झाली म्हणून नांगर थांबतात आणि पोरी नवे कपडे घालून झोपाळ्यावर बसतात. म्हणजे या देशात कितीतरी लोकांना कळलेलं होतं की ते रक्त म्हणजे जमिनीचा कस आहे. हे मान्य आहे की तिथेही तीन दिवस दार बंदच असतं, आणि कामाख्येला पण पाळीतल्या बाईने आत जाऊ नये असंच पाळतात. पण निदान देवीचं शरीर तरी नाकारत नाहीत. तिला विश्रांती देतात. आपल्याकडे तुळजापूरला भवानी नवरात्राच्या आधी पलंगावर निजते, दसऱ्यानंतर पण निजते, देवीला थकवा येतो हे आपण मानतो की, मग तिचं बाकीचं शरीर मानायला एवढं जड का जातं?

आणि आपल्या मातीत तर फार आधीपासून आहे हे. तेर, भोकरदन, नेवासा इथे उत्खननात लज्जागौरी सापडल्यात, पाय फाकवून बसलेली, डोक्याच्या जागी कमळ असलेली देवी, प्रसूतीच्या बैठकीतली. जिचं तोंड पण लोकांनी महत्त्वाचं मानलं नाही, कूसच देवी. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही भक्ती आहे. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी विचारलं होतं की विटाळ देहातच जन्मतो, तर मग विटाळाशिवायचा देह आहे तरी कुठे? तिला जातीमुळे दाराबाहेर ठेवलेलं होतं आणि बाई म्हणून पण. तिच्या प्रश्नाला सातशे वर्षं होत आली, आणि आपल्या दारावर बोर्ड तोच.

आता तुम्ही म्हणाल की ताई, आम्ही बायकांचा किती मान ठेवतो, नवदुर्गा सन्मान करतो, स्टेजवर बोलावतो. करता, मला माहितीये, आणि मनापासून करता. मी अशाच एका कार्यक्रमाला गेले होते, गाव सांगत नाही. नऊ बायकांचा सत्कार होता. त्यातली एक आशा सेविका, कोविडमध्ये घरोघरी फिरलेली, नवरा त्याच साथीत गेलेला. तिच्याबद्दल निवेदक इतकं छान बोलला की समोरच्या बायकांच्या डोळ्यात पाणी आलं. मग आठ जणींना हळदीकुंकू, ओटी, साडी. आणि तिला शाल आणि श्रीफळ. श्रीफळ हातात, पदरात नाही. तिने ते घेतलं, नमस्कार केला आणि स्टेजवरून खाली उतरताना तिची मुलगी, असेल आठ-नऊ वर्षांची, मोठ्याने विचारत होती, "मम्मी, तुला बांगड्या का नाही दिल्या?" माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. कुणी काही बोललं नाही, मी पण नाही बोलले, आणि त्याची मला आज पण लाज वाटते. हे पत्र मी खरं तर त्या दिवशीच लिहायला पाहिजे होतं.

त्या बाईला दुर्गा म्हटलं आणि त्याच मिनिटाला अशुभ पण म्हटलं. देवीपणाचा एवढा मोठा शब्द तिच्या अंगावर घातला आणि चिमूटभर कुंकू दिलं नाही. मला वाटतं आपली गडबड इथेच होते, आपण बाईला देवी म्हणतो तेव्हा तिच्याकडून मागत असतो, सहन कर, सगळ्यांना जेवू घाल, रागावू नकोस, घरची लक्ष्मी हो. पण बाई जेव्हा देवीकडे जाते तेव्हा ती वेगळ्याच गोष्टीसाठी जाते. ती तिला अगंतुगं करते. "अगं बये, बघतेस काय नुसती" असं म्हणते. माझी आजी जात्यावर दळताना अंबाबाईशी भांडायची, तिला ओवीतून सुनवायची. घरात सासऱ्यासमोर जिचा आवाज फुटत नव्हता ती देवीला जाब विचारायची. देवीचे केस मोकळे, हातात शस्त्र, डोळे वटारलेले, पायाखाली रेडा. बाईला कुणी सांगत नाही की राग येणं ठीक आहे, भूक लागणं ठीक आहे, एकटं राहणं ठीक आहे, ते तिला ही मूर्ती सांगते. निदान मला तरी तिनेच सांगितलं.

अंगात येतं ना बायकांच्या, त्याच्याकडे पण मी आता वेगळं बघते. शिकलेले लोक हसतात, आणि त्याच्या नावाखाली भोंदूगिरी होते ती थांबवायलाच पाहिजे, कुणाला आजार असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नवरात्रात आरतीच्या वेळी संबळ वाजायला लागला की एखादी बाई केस सोडून घुमते आणि पाच मिनिटं आख्खं घर, तिचा नवरा, तिची सासू तिच्या पाया पडतात, तिला विचारतात आई काय पाहिजे तुला. वर्षातून पाच मिनिटं. मला त्या पाच मिनिटांबद्दल काही म्हणायचं नाही, मला उरलेल्या दिवसांबद्दल म्हणायचंय. अंगात न येता पण तिला कुणीतरी विचारावं की काय पाहिजे तुला.

काकूंनो, मावशींनो, जरा तुमच्याशी पण बोलते. कारण आईला थांबवणारी बाईच होती, हळदीकुंकवाच्या याद्या पण बायकाच करतात, आणि विश्वस्तांना सगळा दोष देऊन मी सुटणार नाही. मला कळतं की भीती असते. तिच्या हातचं कुंकू लागलं आणि माझ्या घरात काही झालं तर, ही ती भीती. आपल्याला लहानपणापासून ती शिकवली आहे. पण त्या बॅजवाल्या काकूंचे डोळे मी बघितलेत, सांगताना त्यांना पण बरं वाटत नव्हतं. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी आजारी होते, दोन महिने ऍडमिट होते. आई त्यांच्यासाठी डबा घेऊन जायची. तेव्हा तिच्या हातचं चाललं.

हे बदलू शकतं, मी हवेत बोलत नाहीये. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे, त्यांच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढलं की बाकी ग्रामपंचायतींनी पण हे करावं. एका गावाने केलं म्हणून झालं ते. २०१६ मध्ये हायकोर्टात चौथऱ्यांवर आणि गाभाऱ्यांत बायकांना जाऊ देण्याचा विषय झाला, १९५६ सालचा राज्याचा कायदाच आहे की सार्वजनिक देवळात कुठल्याही वर्गातल्या हिंदूला अडवता येत नाही, ते सगळ्यांनी वाचलं, काही दारं उघडली. पण ओटीसाठी कोर्टात कोण जाणार? माझी आई जाणार का? ते तुम्हालाच करावं लागेल, तुमच्या मांडवात, तुमच्या माईकवरून.

म्हणून मागते ते असं. पहिल्या माळेला, घट बसले की, माईकवर एकदा म्हणा की देवीची ओटी कुठलीही बाई भरू शकते, विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाची, मूल नसलेली, आणि तृतीयपंथी पण, त्या तर यल्लम्माच्या जोगत्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत. एकदा म्हणून भागणार नाही, रोज म्हणा, आरतीच्या आधी, जसं चपला सांभाळा म्हणता तसं. रांगेवर जे स्वयंसेवक असतील त्यांना आधी सांगून ठेवा. दारावरचा तो बोर्ड काढा, गाजावाजा नको, रात्री काढा, सकाळी तो नसेल एवढंच. सत्कार करणार असाल तर नऊ जणींना सारखंच द्या. आणि ट्रस्टवर बायका घ्या, नावापुरती एक नको, हिशोबाच्या वहीवर सही करणारी घ्या, त्यातली एखादी आईसारखी असू दे. बाकीचं जमेल तसं, पण माईकवरचं वाक्य यंदाच.

एक गोष्ट राहिली. आमच्याकडे आता घट वहिनी बसवते, कारण आई म्हणते मी नको. पण शेतातली माती कुठल्या कोपऱ्यातली आणायची, पत्रावळीवर किती जाड पसरायची, गहू आधी टाकायचा की ज्वारी, पाणी किती शिंपडायचं म्हणजे कुजणार नाही, पाचव्या माळेला कारळ्याची फुलं मिळाली नाहीत तर काय लावायचं, हे फक्त तिलाच माहिती. मग ती दारात उभी राहून सांगते आणि वहिनी आत बसून करते. गेल्या वर्षी वहिनीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "आई, मला नाही जमत, तुम्ही आत या." आई दोन मिनिटं तशीच उभी होती. मग आली. नवव्या दिवशी वीतभर उंच पिवळंधम्मक धान उगवलं होतं, इतकं दाट मी आधी कधी बघितलं नव्हतं. वहिनीने त्यातली जुडी आधी आईच्या केसात खोवली.

यंदा अष्टमीला मी आईला घेऊन येणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. हिरवा खण घेतलाय. आम्ही रांगेत उभ्या राहू, सगळ्यांसारख्या, मधेच बोलावून पुढे घेऊ नका, नाव पुकारू नका, फोटो काढू नका. फक्त आम्ही पुढे आलो की त्या काकूंना म्हणावं थोडं बाजूला सरका, तुमच्या वहिनींना दोन्ही हातांनी ताट धरायला जागा लागते.

तुमच्याच गावची,
एक लेक